मागचा आस पुढे

२ फेब्रुवारी

आली एकदाची! जुन्या नोंदणीच्या ट्रेलरची चासी — दोन आस, चार चाकं आणि वर नुसतं आभाळ. सर्वेशने एमआयडीसीतून ओढत आणली आणि फणसाखाली उभी केली. हा सर्वेश वेल्डर. बोलतो कमी, हसतो जास्त, त्यामुळे आमच्या घरात टिकेल. अप्पांनी भोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिलं. म्हणाले, "हाडं बरी हायत."

आता माघार नाही. तीन मेला मी आणि महरीन निघणार. पुढे माझी बोलेरो, मागे हे चाकांवरचं घर, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली गोकर्णापर्यंत. एक महिना! एकोणीस वर्षं आम्ही दोघी स्टाफरूममध्ये शेजारी बसून नुसत्या बाता मारल्या. मी भौतिकशास्त्र शिकवते, ती भूगोल. भूगोलाची बाई, आणि गोव्याच्या खाली पाऊल टाकलेलं नाही! हसतील पोरं.

आईजवळ देखभालीला यमुनाबाई राहतील, रात्रीसुद्धा. अप्पा आहेतच. आईचं खुब्याचं हाड मोडलं त्याला सहा वर्षं झाली. आई अर्धा तास बसू शकते, मग आडवं व्हावंच लागतं. गाडीतून कुठे न्यायचं म्हणजे हाल. या सहा वर्षांत मी एक रात्र घराबाहेर राहिलेले नाही. इथे खोटं कशाला लिहू? मला हा महिना हवा आहे.

६ फेब्रुवारी

अप्पांना आराखडा काढून दिला. मापं, बाण, सगळं. चष्मा लावून पाहिला, चार घड्या केल्या, खिशात घातला. तो कागद पुन्हा दिसेल असं वाटत नाही.

काय बोलणार? पन्नास वर्षं बैलगाड्या केल्या माझ्या वडिलांनी. पालीपासून लांज्यापर्यंत भागोजी सुताराची गाडी म्हटलं की लोक चाक न बघता घ्यायचे. आता बैलच राहिले नाहीत. परवा भाट्याच्या एका रिसॉर्टच्या दारात अप्पांचीच एक गाडी पाहिली — फुलांच्या कुंड्या घेऊन उभी. घरी येऊन सांगितलं नाही.

आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पेन्सिल कानावर चढली आहे. सकाळी सातला हातोडी सुरू.

१६ फेब्रुवारी

सांगाडा उभा राहिला. पत्रा चढतोय. दार पाहिलं आणि डोकंच फिरलं. मी दोन फूट सांगितलं होतं, अप्पांनी तीन फूट केलंय!

"अप्पा, यातून म्हैस जाईल."

"जाऊ दे की."

पुढच्या भागात जमिनीला चार लोखंडी कड्याही बसवल्यात. कशाला? "लागतील." झालं उत्तर! तिथे मी गाद्या घालून झोपायची जागा ठेवली आहे. रात्री उठलं की कडीत बोट अडकणार. स्वयंपाकाचा ओटा, गॅस आणि पाण्याची टाकी मात्र मागे, मी काढली तशीच. एवढं ऐकलं हेच पुष्कळ.

१९ फेब्रुवारी

आई रोज संध्याकाळी विचारते, "आज काय ठोकलं?" खिडकीतून फणस दिसतो, फणसाखालचं दिसत नाही. मग मी सगळं सांगते. आज दाराचं सांगितलं. हसली. "बरं केलंन," म्हणाली.

दोघं एकाच पक्षाची.

२ मार्च

पहिल्यांदा ओढून पाहिला! महरीन आली होती, आणि तिचा भाऊ हाशिमही. हाशिम सतरा वर्षं शारजात ट्रेलर चालवत होता. आता पूर्णगडला घरी आहे आणि कोणी विचारलं नाही तरी ट्रेलरवर बोलतो. आम्ही विचारलं होतं, त्यामुळे त्याची ईदच.

सरळ रस्त्यावर शहाण्यासारखा आला मागून. वळला मात्र नाही! देवळाजवळचं वळण, एका बाजूला जांभ्या दगडांचा गडगा, दुसऱ्या बाजूला गटार. बोलेरो वळली, ट्रेलर हट्टाला पेटला. टायर रस्त्यावर आडवे घासत करकरले. मी पुढे रेटलं. उतरून पाहते तर सिमेंटच्या रस्त्यावर दोन काळे पट्टे आणि मागच्या टायरची साल निघालेली.

हाशिम उकिडवा बसला, दोन आसांमध्ये वीत टाकत गेला. "पाच फूट! ताई, दोन आस लांब असले ना, तर सरळ जाताना गाडी एकदम शांत. पण वळताना चारी चाकांना एकदम वळता येत नाय. दोन चाकं वळतात, दोन घसटत जातात. तुमच्या या रस्त्यावर टायर किती दिवस पुरतील?"

मी म्हटलं, बरोबर आहे. वळताना प्रत्येक चाक आपल्या दिशेला जाऊ पाहतं, अंतर जितकं जास्त तितकी ओढाताण. वर्गात फळ्यावर काढलं असतं मी हे. स्वतःच्या अंगणात सुचलं नाही.

"जवळ आणा," हाशिम म्हणाला. "पावणेतीन फूट. मग जरा डुलेल, पण वळेल."

अप्पा लांबून ऐकत होते.

९ मार्च

आज वाद झाला. लहानच, पण झाला.

आस जवळ आणायचे यावर एकमत. कुठला हलवायचा? मी म्हटलं, पुढचा मागे घ्या. म्हणजे चाकं मागे जातील आणि वजन पुढे, हुकावर राहील. ट्रेलरचं थोडं वजन ओढणाऱ्या गाडीवर पडलंच पाहिजे — एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी. नाहीतर तो शेपटीसारखा हलतो. हे मी चार ठिकाणी वाचलं आहे, हाशिमनेही सांगितलं आहे.

अप्पा म्हणाले, "नको. मागचा पुढं."

"का?"

"मागचाच पुढं येऊ दे."

सर्वेश माझ्याकडे बघतोय, मग अप्पांकडे. उद्यापासून माझ्याकडे बारावीच्या पेपरांचे गठ्ठे. हट्टाला पेटून काम अडवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, करा. आत सामान लावताना जुळवीन मी.

संध्याकाळपर्यंत मागचा आस सव्वादोन फूट पुढे आला. देवळाजवळ नेऊन पाहिलं — लोण्यासारखा वळला! अप्पांनी पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली. खूश असले की ते असं करतात.

१८ मार्च

पेपर. पेपर. पेपर. एकाने गुरुत्वमध्याची व्याख्या लिहिली आहे — "वस्तूचे मन जिथे असते तो बिंदू." अर्धा गुण दिला. नियमात बसत नाही, पण दिला.

मी कॉलेजात असताना सर्वेशने आत चटई अंथरली, ओटा बसवला. ट्रेलर आता घरासारखा दिसतो. महरीनने पडदे शिवलेत, निळे.

३० मार्च

थोडक्यात वाचलो आज.

हातखंब्याचा उतार. मी चालवत होते, महरीन बाजूला. पन्नासपर्यंत ठीक. पंचावन्नला मागे काहीतरी हललं. आरशात पाहिलं — ट्रेलर डावीकडे, उजवीकडे. मग एक टँकर बाजूने गेला, त्याचा वारा लागला आणि ट्रेलर झोके घ्यायलाच लागला. त्याने बोलेरोची मागची बाजू उचलून इकडेतिकडे फेकायला सुरुवात केली. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, पण गाडी माझ्या हातात नव्हती!

महरीन ओरडली, "ब्रेक नको! ब्रेक नको!" हाशिमने पढवलेलं. पाय नुसता उचलला. दहा-पंधरा सेकंद असतील. हळूहळू थांबलं. कडेला घेतली. समोरून त्या वेळी काही आलं असतं तर — पुढचं लिहीत नाही.

महरीन बराच वेळ दुपट्ट्याचं टोक पिरगाळत बसली. मग म्हणाली, "असा नाही नेता येणार, ज्ञानेश्वरी."

पंचवीसच्या वेगाने घरी आणला. आईला "छान झालं" असं सांगितलं.

३१ मार्च

शेजारच्या कलमवाल्यांचा आंब्याच्या पेट्या तोलायचा काटा आणला. हुकाखाली लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याखाली काटा.

बावीस किलो.

नऊशे किलोचा ट्रेलर आणि हुकावर बावीस! नव्वद हवेत. कारण उघड आहे. मागचा आस पुढे आणल्यावर दोन आसांचा मध्य फूटभर पुढे सरकला. मागे ओटा, गॅस, टाकी. पुढे नुसती चटई. मग तो शेपूट हलवणार नाही तर काय करणार?

आणि अप्पांनी हे का केलं तेही डोक्यात लखकन आलं. बैल! लहानपणापासून ऐकत आले आहे मी. गाडी मागे जड झाली की उलाळते, धुरा वर जातो, जू बैलाच्या गळ्याला काचतं. पुढे जड झाली की बैलाची मान सोलते. चांगल्या सुताराची गाडी आसावर तोलून बसते, बैलाच्या मानेवर नावापुरता भार. अप्पांनी बोलेरोच्या मानेची काळजी घेतली!

तशीच पडवीत गेले. सर्वेश तिथे होता हे ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

"अप्पा, बैलगाडी नाहीये ही! मेलो असतो काल आम्ही!"

त्यांनी पाहिलं माझ्याकडे. "पुढं काय ठेवलंत?" एवढंच विचारलं.

"काय ठेवणार? आमच्या दोन गाद्या. मी आणि महरीन, दोनच तर जणी आहोत!"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिडकीत ठेवली आणि उठून आईच्या खोलीत गेले.

१ एप्रिल

अप्पा फणसाखाली आलेच नाहीत.

२ एप्रिल

नाहीत.

माझं चुकलं. म्हणजे मुद्दा बरोबर होता, पण सर्वेशसमोर नको होतं. पन्नास वर्षांच्या हाताला मी परक्या माणसापुढे बैलगाडीवाला म्हटलं. संध्याकाळी चहा घेऊन गेले. "अप्पा, माझं तोंड वाईट आहे." म्हणाले, "माझंच हाय ते." चहा घेतला. कामाला मात्र आले नाहीत.

६ एप्रिल

रडत बसणारी मी नव्हे. वीस-वीस लिटरचे आठ कॅन आणले, पाण्याने भरले आणि पुढच्या भागात अप्पांच्या कड्यांना दोरीने बांधले. (कामाला आल्या कड्या!) काटा: एकशे सात. पुन्हा हातखंब्याचा उतार — मीच, एकटी. महरीन म्हणाली, मी येते. म्हटलं, तू मागून रिक्षाने ये आणि बघ.

चाळीस. पन्नास. पंचावन्न. साठ. एक बस बाजूने गेली. ट्रेलर जरा अंग चोरून बाजूला सरकला आणि परत रांगेत आला. काही नाही! मी गाडीत एकटीच मोठ्याने ओरडले. मागच्या रिक्षातून महरीनने ओढणी फडकवली.

म्हणजे रोग कळला. आणि तीन मे जागेवर आहे.

१३ एप्रिल

पूर्णगडपर्यंत जाऊन आलो, कॅन घेऊन. वळणावळणाचा रस्ता, मध्येच चढ, मध्येच खाडी. जवळच्या आसांमुळे वळणं सोपी, पुढच्या वजनामुळे सरळ रस्ताही सोपा. हाशिमच्या घरी तिसऱ्यांचं कालवण आणि सांदण खाल्लं. हाशिमच्या अम्मीने ट्रेलर आतून पाहिला. "दार बरं मोठं ठेवलंस गो. माणूस धरून आत नेता येईल," म्हणाली. मी म्हटलं, आमच्या वडिलांना म्हैस न्यायची होती.

आईने आज दहा प्रश्न विचारले. भाट्याच्या पुलावरून पाणी कसं होतं? होड्या होत्या? पूर्णगडची खाडी आहे का तशीच? वारा होता का? लग्नानंतर पहिल्या वर्षी अप्पा तिला त्यांच्या गाडीतून पूर्णगडला घेऊन गेले होते म्हणे, बैल जोडून. पहाटे निघाले ते दुपारी पोचले. मला माहीत नव्हतं हे.

मग तिची पाठ शेकली.

२० एप्रिल

महिनाभर एकशे साठ लिटर पाणी नुसतं वजन म्हणून घेऊन फिरायचं? रोज सांडणार, जागा खाणार, आणि एखादा कॅन सुटला तर आतल्या आत तोफ. हा इलाज नव्हे, लाज झाकणं आहे. आस हलवायचा. पुढचा मागे, मागचा परत थोडा मागे. गणित दोनदा केलं. आठ बोल्ट सोडायचे, नवी भोकं पाडायची. एका दिवसाचं काम.

अप्पांना सांगायचं धैर्य गोळा करायला अख्खी सकाळ गेली.

"आस हलवतेय मी. पुढच्या रविवारी सर्वेश येतोय."

ते आईची चाकाची खुर्ची पुसत होते. पुसतच राहिले. "हलव," म्हणाले.

भांडले असते तर बरं वाटलं असतं.

२४ एप्रिल

यमुनाबाई येऊन आईचं वेळापत्रक लिहून घेऊन गेल्या. औषधं, कूस बदलणं, पाठ पुसणं. आई ऐकत होती. मध्येच म्हणाली, "यमुने, ह्यांना तिखट कमी घाल." आणि स्वतःचं काहीच सांगितलं नाही.

मी जाणार आहे. महिनाभराने परत येणारच आहे. इतकं काही नाही त्यात.

२७ एप्रिल

सर्वेश पाने घेऊन सकाळीच आला. बोल्टांची डोकी वरून धरायची म्हणून मी पुढची चटई गुंडाळली.

खाली प्लायवर अप्पांची पेन्सिल. सहा फूट बाय अडीच फुटांचा चौकोन. चार कोपऱ्यांवर त्या चार कड्या. चौकोनात मोठ्या अक्षरात आईचं नाव: कमळा. बाजूला हिशोब, तारीख आठ फेब्रुवारी —

पलंग ६०. गादी १५. चाकाची खुर्ची २०. कमोड १०. कपडे, औषधं १५. पाणी ३०. एकूण १५०. नऊ मार्च: मागचा आस पुढे घेतल्यास जुवावर शंभर.

त्याखाली: कमळा ५१ — जीपमध्ये पुढे बसेल. यात धरू नये. अर्ध्या अर्ध्या तासाने थांबणे, आडवी करणे.

सर्वेश म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहित्येय, मॅडम."

त्याला परत पाठवलं. आस जिथे आहे तिथेच राहील. महरीनला फोन केला, ती म्हणाली, "दोन गाद्या पलंगाच्या बाजूला मावतात. मापून बघ." आईला सांगायला गेले — तीन तारखेला निघायचं, तू पण. ती म्हणाली, "पिशवी फेब्रुवारीतच भरून ठेवलीय गो. तू काय विचारलं नाहीस, म्हणून मी गप."

पुन्हा ट्रेलरमध्ये गेले. हिशोब वरपासून वाचला. अप्पांनी स्वतःला कुठेच धरलेलं नाही. खिडकीतली त्यांची पेन्सिल आणली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं:

अप्पा ५८ — जीपमध्ये मागे बसतील. यात धरू नये.